हवा बाहेर कुठून जाते?

सकाळी ६

मे महिन्यात घाटकोपरला सहा वाजताच कपडे अंगाला चिकटलेले असतात. आमच्या रेडिएटर दुरुस्तीच्या गाळ्याच्या नळाला याच वेळेला पाणी येतं, त्यामुळे शटर अर्धं वर करून आधी दोन पिंपं भरून घ्यायची. एकातलं पाणी टेस्टिंगच्या टाकीत जातं, दुसऱ्यातलं फक्त गाड्यांना. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं हे पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. मुळात पावसाचं, म्हणून हलकं. रेडिएटरला यासारखं पाणी नाही. सोसायटीत बोअरच्या पाण्याचा टँकर आला की लोक त्यातलंच बादलीभर गाडीत ओततात आणि मग तांब्याच्या नळ्यांना आतून क्षाराचा थर धरतो. थर उष्णतेला अडवतो, नळी अरुंद करतो आणि एक दिवस गाडी साकीनाक्याच्या सिग्नलला वाफ सोडते. माझं निम्मं काम या जड पाण्यानंच मला दिलेलं आहे.

आजचं काम मात्र पाण्याचं नाही. गाळ्यात १९२५ सालची फोर्ड मॉडेल टी उभी आहे, कापडी हुडाची, उजव्या स्टिअरिंगची. त्या काळात हिंदुस्थानात येणाऱ्या या गाड्या अमेरिकेतून नव्हे, कॅनडाच्या फोर्डकडून यायच्या. मालक मुलुंडचे, आम्ही त्यांना काका म्हणतो; गाडी त्यांच्या आजोबांच्या वेळची. घरच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून मांडवात यायचा, असा त्यांच्याकडचा रिवाज. गेल्या महिन्यातल्या लग्नात हॉलच्या अलीकडेच तिनं वाफेचा फवारा सोडला आणि नवरदेवाला उतरून चालत जावं लागलं. आज पुतण्याचं लग्न आहे, गोरज मुहूर्तावर. सव्वासहाला गाडी मिरवणुकीत उभी पाहिजे.

सकाळी ७

चाचा आले. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये झाळकाम शिकले, पुढे त्यांनी हा गाळा घेतला, तेव्हापासून चाचा इथे आहेत. मूळचे जौनपूरचे, पण मराठी माझ्याइतकंच बोलतात. फक्त रागावले की हिंदीत जातात.

"ताई, आधी चालू करून बघू. कालचं माझ्या डोक्यातून जात नाही."

कालचं म्हणजे असं. या गाडीचा जुना कोअर आम्ही मागच्या पंधरवड्यात काढला. नळ्यांच्या कडेनं नख फिरवलं की फिनांची सगळी चळत खुळखुळायची. मॉडेल टीच्या जुन्या रेडिएटरचा हा ठरलेला आजार आहे. नळी आणि फिन यांच्यातला कथलाचा सांधा वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सुटतो. पाणी वाहत असतं, कुठे गळत नाही, बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं, पण नळीतली उष्णता फिनपर्यंत पोचत नाही. फिन नुसती शोभेला उरते. चाचांनी वरच्या-खालच्या पितळी टाक्या मूळच्याच ठेवल्या आणि मधला कोअर हातानं नवा बांधला. एकेका सांध्यात कथील नीट उतरलंय की नाही ते उजेडात धरून पाहिलं. टाकीत बुडवून हवा भरली, तर बुडबुडा एकही नाही. होज पाइप नवे घातले, पंख्याचा पट्टा नवा घातला. तरीही काल जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं पवईपर्यंत नेली, तर पहिल्याच लांबलचक सिग्नलला वरच्या टाकीत गुरगुर सुरू झाली.

म्हणजे दोष रेडिएटरमध्ये नाही. आपण जे दुरुस्त केलं ते खरोखरच बिघडलेलं होतं, पण दुखणं तेवढंच नव्हतं.

सकाळी ८

या गाडीला पाण्याचा पंप नाही. १९०८ मध्ये मॉडेल टी निघाली तेव्हा पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना होता, मग फोर्डनं तो काढून टाकला. तापलेलं पाणी हलकं होतं, हेडमधून वर चढून वरच्या टाकीत जातं. नळ्यांतून उतरताना निवतं, जड होतं आणि खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनात शिरतं. उष्णताच पाण्याला फिरवते. पंप नाही, तेव्हा पंप गळण्याचा प्रश्न नाही. अट एकच: वरच्या टाकीतलं पाणी इंजिनाकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाच्या वर हवं. ते तोंड उघडं पडलं की पाण्याचं फिरणं थांबतं. म्हणून या गाडीत "पाणी आहे" एवढं म्हणून भागत नाही, झाकण उघडून कुठवर आहे ते बघावं लागतं, आणि तेही गाडी गार असताना. तापलेल्या गाडीचं झाकण फिरवून भाजलेले हात मी या गाळ्यात पाहिलेत.

पाणी बरोबर होतं. गाडीला सेल्फ आहे, पण सकाळच्या गार इंजिनाला चाचा हँडलच मारतात. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवून, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर अडकलेला अंगठा मोडतो. दुसऱ्या फिरवण्याला इंजिन धरलं. मी स्टिअरिंगखालची स्पार्कची दांडी खाली ओढली. चालू करताना ती वर असावी लागते, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. चालू झाल्यावर ती खाली आणायची. काकांचा ड्रायव्हर मात्र इंजिन ठोकेल या भीतीनं ती कायम वरच ठेवतो, असं त्यानंच काल सांगितलं. ठिणगी उशिरा पडली की जाळ उशिरापर्यंत पेटत राहतो, त्याचं काम कमी होतं आणि ताप एक्झॉस्टच्या वाटेवर आणि भोवतालच्या पाण्यात जातो. गाडी तापण्याचं हे एक अर्धं कारण सापडलं.

दहा मिनिटांनी टेंपरेचर गन घेऊन कोअरवर फिरवली. वरची टाकी नव्वदच्या घरात. उजवीकडे खाली साठच्या आसपास. डावीकडे, त्याच उंचीला, ऐंशीला टेकलेलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी देवळीतली उदबत्ती घेतली.

सकाळी ८:४५

उदबत्ती पेटवली आणि रेडिएटरच्या समोर चार बोटांवर धरली. मध्यभागी, पंख्याच्या पात्यांसमोर, धूर सरळ जाळीत ओढला गेला. वरच्या कोपऱ्यांत जरा आळसावत गेला. हात उजवीकडे खाली नेला, तिथेही आत. मग डावीकडे खाली.

तिथे धूर आत जाईना. उदबत्तीच्या टोकावरून तो उठला, जाळीकडे वळल्यासारखा झाला आणि खालून आलेल्या झुळकीनं माझ्या तोंडावर आला. मी हात आणखी खाली, चासीच्या पट्टीखाली नेला. तिथून गरम वारा पुढे येत होता. इंजिनाच्या खोलीतली हवा खालून वळसा घालून परत रेडिएटरच्या तोंडाशी येत होती आणि पंखा तीच तापलेली हवा पुन्हा ओढत होता.

शिकाऊ मुलाला खाली झोपून बघायला सांगितलं. "ताई, या बाजूला पत्रा आहे, त्या बाजूला नाहीच!"

इंजिनाच्या दोन्ही अंगांना, इंजिन आणि चासी यांच्यामधली फट झाकणारे दोन पत्रे या गाडीला मुळात असतात. धूळ-चिखल अडवायला बसवलेले म्हणून लोक त्यांना बिनमहत्त्वाचे समजतात. डावीकडचा पत्रा कधी, कुणी काढला कोण जाणे. तेल बदलताना आड आला असेल, गंजला असेल, "कशाला हवा" म्हणून कोपऱ्यात पडला असेल. पण तो नसला की रेडिएटरमधून आलेली हवा इंजिनाच्या बाजूनं मागे न जाता लगेच खाली पडते आणि उभ्या गाडीत तिथून पुढे सरकते. गाडी पळत असेल तेव्हा उलटं होतं. समोरचा वारा त्या उघड्या फटीतून खालून वर शिरतो, बॉनेटखाली दाब वाढवतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला सामोरा जाऊन अडवतो.

हे मला या धंद्यात सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. गाडी तापली की माणसं तोंडाकडे बघतात: जाळी साफ आहे का, पाणी भरलंय का, पंखा फिरतोय का. हवा आत कशी जाते याची सगळ्यांना काळजी, ती बाहेर कुठून पडते हे कुणी विचारत नाही. चाळीतल्या खोलीची गॅलरीकडची खिडकी सताड उघडली तरी मागचं दार बंद असेल तर वारा येत नाही, तसंच हे आहे. हवा ढकलली म्हणून जात नाही. पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल तरच जाते. मागचा दाब कमी ठेवणं हे बॉनेटच्या उभ्या झडपांचं, इंजिनाखालच्या पत्र्यांचं, फायरवॉलखालच्या मोकळ्या जागेचं काम. जुन्या गाड्या घडवणाऱ्यांना हे कळत होतं. गाड्या सांभाळणाऱ्यांच्या हातून एकेक पत्रा निघत गेला.

सकाळी १०

नवा पत्रा मापानं कापून, वाकवून, बसवायला दिवस जाईल. आज तेवढा वेळ नाही. जस्ताच्या पत्र्याचा तुकडा कापला, कडा मुडपल्या, असलेल्या भोकांत दोन बोल्ट घालून डावीकडची फट तात्पुरती झाकली. रेडिएटरच्या चौकटीच्या बाजूला बोटभर फट होती, तिथे जाड नमद्याची पट्टी दाबून बसवली. पुन्हा इंजिन, पुन्हा उदबत्ती. आता डाव्या कोपऱ्यातला धूर आत गेला. फार जोरात नाही, पण आत गेला. गन फिरवली तर डावं-उजवं पाच-सहा अंशांच्या फरकावर आलं.

चाचा काही बोलले नाहीत. स्वतःसाठी आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

सकाळी ११

चहा घेताना शिकाऊ मुलानं विचारलं, "ताई, एवढी कटकट आहे तर पाणीच नको ना. नुसत्या हवेवर का नाही चालवत?"

प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. अमेरिकेतल्या फ्रँकलिन कंपनीनं १९०२ पासून १९३४ पर्यंत हवेवर थंड होणाऱ्याच मोटारी विकल्या आणि त्या चालल्याही. १९२३ मध्ये शेव्हरलेनं चार्ल्स केटरिंगच्या कल्पनेवरून तांब्याच्या फिनांचं इंजिन बाजारात आणलं. ते तापायचं, ठोकायचं, आणि कंपनीला गाड्या परत मागवाव्या लागल्या. केटरिंग साधा माणूस नव्हता, मोटारीचा सेल्फ स्टार्टर त्याचाच. तरी हवेनं त्याला हरवलं. पाणी उष्णता उचलून दुसरीकडे नेतं, त्यामुळे ती सोडायची जागा आपल्याला निवडता येते. हवेवरच्या इंजिनात सिलिंडर जिथे आहे तिथेच, त्याच्या प्रत्येक अंगाला, पुरेशी हवा पोचवावी लागते.

मुलाला चेतकचं उदाहरण दिलं. त्याच्या घरी आजोबांची आहे. बजाजच्या त्या स्कूटरचं इंजिन पत्र्याच्या टोपात बंद असतं आणि फ्लायव्हीलवरचा पंखा त्या टोपातून हवा सिलिंडरवर ढकलतो. उकडतंय म्हणून कुणी तो टोप काढून इंजिन 'मोकळं' केलं तर ते गार होत नाही, जॅम होतं. हवेला वाट दाखवणारा पत्राच गेलेला असतो.

रेडिएटरचं आजचं रूप ज्यानं दिलं तो विल्हेल्म मायबाख. त्याच्या आधी, १८८६ च्या बेंझच्या गाडीत पाणी सरळ उकळून वाफ होऊन उडून जायचं. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा वाटेत जागोजाग पाणी भरत गेली. मायबाखनं १९०१ च्या मर्सिडीजसाठी ८,०७० छोट्या चौकोनी नळ्या जोडून पोळ्यासारखा रेडिएटर केला, प्रत्येक नळी ६ मिलिमीटरची. हवा नळ्यांतून, पाणी नळ्यांच्या भोवती, मागे पंखा. एवढ्या मोठ्या इंजिनाला ९ लिटर पाणी पुरलं. मी त्या रेडिएटरचं चित्र गाळ्यात लावलंय. आठ हजार सांधे, आणि एकही गळता कामा नये! चाचांना ते चित्र कुठल्याही नटाच्या फोटोपेक्षा जास्त आवडतं.

दुपारी १२

मधल्या वेळात एक प्रीमियर पद्मिनी गाडी आली. खासगी, पांढरी, मालक घाटकोपर पूर्वेचे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून चालणारी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे आता अशी गाडी दारात आली की गल्लीतली माणसं थांबून बघतात. १०८९ सीसीचं इंजिन, पंप आहे, पंखा आहे. मालकांची तक्रार की एसी लावला की काटा चढतो.

बघितलं तर रेडिएटरच्या पुढे नंतर बसवलेला एसीचा कंडेन्सर, त्याच्या पुढे त्याचा जादा पंखा आणि त्याच्याही पुढे फॉग लाइटची पट्टी. तीन अडथळे ओलांडून हवा रेडिएटरला पोचणार, तीही कंडेन्सरनं आधीच तापवलेली. शिवाय थर्मोस्टॅट कुणीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा जातो. तो नसल्यानं गाडी सकाळी उशिरापर्यंत गार राहते, त्यात इंजिन झिजतं, आणि दुपारी तापायची ती तापतेच. फॉग लाइट काढायला सांगितले, पंख्याचे वायर तपासले. तो चक्क उलटा फिरत होता, हवा पुढे फेकत होता. दोन वायर अदलाबदल केले आणि काम झालं. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलेलं होतं, तेवढं ठेवलं. उन्हाळ्यात पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडू नये म्हणून केलेला तो उपाय खरोखर चालतो.

दुपारी १

जेवण. डबा, मठ्ठा, पंख्याखाली वीस मिनिटं आडवं.

दुपारी २:१५

काका ड्रायव्हरला घेऊन आले. "ताई, न्यायची का टेंपोत घालू?"

"चालवत नेऊ, काका. रस्त्यात काय होतंय ते मला बघायचंय."

निघण्याआधी डॅशबोर्डवरची कार्बोरेटरची सुई किंचित उघडली. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या पेट्रोलच्या मापानं लावलेल्या सुईवर इंजिनाला इंधन कमी पडतं आणि ते जास्त तापतं. १९२५ च्या या गाडीत ते बसल्या जागी हातानं सुधारता येतं, ही तिची मोठी सोय.

एलबीएस मार्गानं विक्रोळी, कांजूर, भांडुप. मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही अंगांना बस, रिक्षा, टँकर. ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी स्पार्कची दांडी कुठे ठेवायची ते दाखवत होते. गाडी धावती राहिली की टोपणावरच्या मोटोमीटरचा लाल रंग खालीच राहायचा. १९१२ च्या सुमारास निघालेलं हे बॉइसचं यंत्र रेडिएटरच्या झाकणावर बसतं आणि ड्रायव्हरला समोरच्या काचेतून दिसतं. ते पाण्याचं नव्हे, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवतं. ताशी तीस किलोमीटरला समोरून येणारा वारा पंख्यापेक्षा किती तरी जास्त हवा देतो. सिग्नलला उभं राहिलं की लाल हळूहळू चढायचा, पण काल जिथे गुरगुर झाली तेवढ्या वेळात आज तो गोलाच्या मध्यापर्यंतच आला.

भांडुपच्या सिग्नलला शेजारी एक मोठा ट्रक येऊन थांबला, त्याचा एक्झॉस्ट आमच्या रेडिएटरच्या रेषेत. लाल लगेच बोटभर चढला. ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, थोडं मागे राहा." तो आश्चर्यानं बघायला लागला, पण मागे राहिला.

दमटपणाबद्दल काका विचारत होते. माणसाला दमट हवा छळते, कारण घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम येत नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. मुंबईच्या मेमधली ३४ अंशांची चिकट दुपार त्याला नागपूरच्या ४४ च्या कोरड्या दुपारपेक्षा पुष्कळ सुखाची. घाटाचा प्रश्न निराळा. दर तीनशे मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, आणि या गाडीच्या झाकणात दाब धरून ठेवायची सोय नाही. काकांचे आजोबा याच गाडीनं बोरघाट चढायचे. पुढे पाण्याची कॅनव्हासची छागल टांगलेली असायची आणि खंडाळ्याला पोचेपर्यंत ती रिकामी व्हायची, असं घरात सांगतात.

दुपारी ४:३०

मुलुंड पश्चिमेला हॉलच्या मागच्या बाजूला फुलवाले तयार होते. झेंडूच्या माळा, शेवंती, आणि रेडिएटरच्या तोंडावर बांधायला 'शुभविवाह'चा फुलांचा भला मोठा फलक.

गेल्या महिन्यात काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

"दादा, समोर फूल नको. एकही नको."

"अहो ताई, समोरच तर फोटो निघतात!"

काकांनी मध्ये पडून समजूत घातली. फलक पुढच्या काचेवर गेला. फुलवाला चांगला माणूस, त्यानं मनाला लावून न घेता मडगार्ड, हूड, दारं सजवायला घेतली. मी आत पाणी प्यायला गेले आणि परत आले तर बॉनेटच्या दोन्ही बाजूंवर शेवंतीची जाळी अंथरलेली, वरून खालपर्यंत, झडपांवरून.

समोर फूल नको हे त्यानं ऐकलं होतं. बाजूच्या झडपांतूनच तर गरम हवा बाहेर पडते, हे मी सांगितलं नव्हतं आणि त्याला कळायचं काही कारण नव्हतं. दोघांनी मिळून जाळी सोडली. फुलं वाया जाऊ नयेत म्हणून त्यानं ती फूटबोर्डच्या कडेला लावली, आणि खरं सांगायचं तर तिथेच ती जास्त शोभली. झडपा मोकळ्या ठेवून बॉनेटच्या माथ्यावर मधोमध माळ एकच. शिवाय बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडून खालचे काठ लाकडी ठोकळ्यांवर थोडे उचलून ठेवले. दुरून दिसत नाही, पण उभ्या गाडीत गरम हवेला बाहेर पडायला ते फार मोठं दार आहे.

ड्रायव्हरला पुन्हा एकदा सांगितलं: मिरवणुकीत लो गिअरचा पेडल सतत दाबून फरफटत न्यायचं नाही. चार पावलं जायचं, न्यूट्रल. नाच लांबला तर इंजिन बंद. पंपाच्या गाडीत इंजिन बंद केलं की पाणीही थांबतं. हिच्यात ते नंतरही स्वतःच्या उष्णतेवर फिरत राहतं, म्हणून बंद करायला घाबरायचं नाही.

संध्याकाळी ६:१५

मिरवणूक निघाली. बँड, ताशा, पोरांचा नाच, बायकांचे मोबाइल. रस्ता स्टेशनच्या दिशेनं, म्हणजे पूर्वेकडे. संध्याकाळचा समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून येतो. माणसांना तो पाठीवर सुखाचा, पण या गाडीला तो मागून. पंख्याला आता त्या वाऱ्याच्या विरुद्ध हवा ओढायची होती. सकाळी उदबत्तीला जे दिसलं तेच आता मोठ्या प्रमाणावर होणार हे मला दिसत होतं, आणि मी गाडीच्या डाव्या अंगानं मोटोमीटरवर डोळा ठेवून चालत राहिले.

पहिल्या चौकात लाल निम्म्यावर. दुसऱ्या चौकात बँडवाल्यांनी ठाण मांडलं, निम्म्याच्या वर. "दादा, बंद." इंजिन बंद झालं. आधी लाल आणखी थोडा चढला. पंखा थांबलेला आणि लोखंडात साठलेली उष्णता पाण्यात येत असते, तेव्हा हे होणारच. काकांचा चेहरा उतरला. मी त्यांना थांबायची खूण केली. ताशाचा एक फेरा पुरा होईपर्यंत लाल थबकला, मग उतरायला लागला.

वरच्या टाकीच्या जादा नळीतून एकदा वाफेची बारीक धार आली. नवरदेवानं मागे वळून पाहिलं. वाफ म्हणजे सगळं संपलं असं नसतं. एक लिटर पाणी ३५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ आठपट त्याची वाफ व्हायला लागते. त्यामुळे उडून जाणारी थोडी वाफसुद्धा इंजिनातली पुष्कळ उष्णता घेऊन जाते. इंजिन मरतं ते पाणी उकळल्यानं नाही, पाणी संपल्यानं. शिकाऊ मुलगा नळाच्या पाण्याचा कॅन घेऊन मागून येत होता, पण तो उघडावा लागला नाही.

शेवटचा पल्ला हॉलच्या कमानीपर्यंत ड्रायव्हरनं न थांबता, दांडी खाली ठेवून, पोरांना बाजूला व्हायला लावून नेला. सात वाजायला दहा मिनिटं होती. नवरदेव गाडीतूनच उतरला.

संध्याकाळी ७:३०

मंगलाष्टकं आतून ऐकू येत होती. काकांनी जेवूनच जायचा आग्रह धरला आणि चाचांना फोन लावून स्वतः सांगितलं, "चाचा, पोचलो. वेळेवर."

पलीकडून चाचांनी पहिलं विचारलं ते वरच्या टाकीतलं पाणी किती उरलंय. गाडी निवल्यावर झाकण उघडून पाहिलं, पाइपाच्या तोंडावर अजून दोन बोटं होतं. तसं सांगितलं.

गाडी उद्या सकाळी, रस्ता रिकामा असताना, परत घाटकोपरला आणायची ठरलं. जस्ताचा तुकडा काढून डावीकडचा पत्रा नीट करायचा आहे. उजवीकडच्या मूळ पत्र्यावर पुठ्ठा धरून नमुना काढू, बाकीची मापं गाडीवर घेऊ. काकांनी विचारलं की काळा रंग लावायचा का. हो म्हटलं, पण दोन्ही बाजूंनी आणि बोल्टच्या भोकांच्या आतूनही, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजेल आणि पुन्हा कुणीतरी काढून टाकेल.